तांब्या-पितळेच्या नळ्यांचं वॉटर कूलिंग: पहिला लूप करणाऱ्यांसाठी

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवण्यासाठी पंप, टाकी, रेडिएटर आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डवर बसणारे ठोकळे (ब्लॉक) नळ्यांनी जोडून जो बंद फेरा होतो, तो लूप. असा लूप धातूच्या नळ्यांचा करायचं मनात आलं की बहुतेकांचं लक्ष आधी वळणांकडे जातं. बेंडर, म्हणजे नळी वाकवायचं हत्यार, कोणता घ्यायचा, वळण सुबक येईल का, नळी चेपणार तर नाही ना? वळणं महत्त्वाची आहेतच, पण एखादं वळण दिसायला थोडं कमी-जास्त झालं म्हणून पाणी गळत नाही. पाणी गळतं ते टोकाशी, जिथे नळी फिटिंगमध्ये शिरते आणि रबराची ओ-रिंग तिला घट्ट धरून बसते. दोन्ही टोकांचा तो शेवटचा एकेक सेंटिमीटर गोल, गुळगुळीत आणि सरळ असला की लूप वर्षानुवर्षं कोरडा राहतो. या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या सेंटिमीटरलाच दिली आहे.

धातू कशासाठी घ्यायचा

एक गैरसमज आधीच दूर करू. तांबं प्लास्टिकपेक्षा सुमारे दोन हजार पट चांगला उष्णतावाहक आहे, म्हणून तांब्याच्या नळ्यांनी कॉम्प्युटर जास्त थंड राहील असं वाटतं. हिशेब करून पाहा. १२ मिमी बाहेरील व्यासाची एकूण दीड मीटर नळी धरली तर तिचा पृष्ठभाग जेमतेम ०.०५७ चौरस मीटर भरतो. पाणी कॅबिनेटमधल्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असेल तर एवढ्या पृष्ठभागावरून पाच-सहा वॅट उष्णता बाहेर पडेल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॅट उष्णता टाकत असतील तर पाच-सहा वॅटने काहीही फरक पडत नाही. थंड करण्याचं काम रेडिएटर आणि पंखे करतात, नळी फक्त पाणी वाहून नेते.

मग धातू का? पीईटीजी या प्लास्टिकची नळी ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. एरवी लूपमधलं पाणी ४०-४५ अंशांच्या वर जात नाही, पण पंप बंद पडला आणि ते लक्षात आलं नाही तर परिस्थिती वेगळी असते. धातूला ती भीती नाही. तो पिवळा पडत नाही, त्याला बारीक तडे जात नाहीत, आणि हाताने घडवलेल्या तांब्याला जे रूप येतं ते दुसऱ्या कशालाच येत नाही. मला हे शेवटचं कारण पुरेसं वाटतं.

तोटेही समजून घ्या. धातूतून आतलं दिसत नाही, त्यामुळे हवेचा बुडबुडा कुठे अडकलाय ते कळत नाही. १२ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची तांब्याची नळी मीटरला सुमारे ३१० ग्रॅम भरते. तेवढीच प्लास्टिकची नळी ५० ग्रॅमच्या आत असते. तांब्यातून वीज वाहते, म्हणून ती मदरबोर्डला किंवा ग्राफिक्स कार्डच्या मागच्या उघड्या जोडांना टेकता कामा नये. आणि चुकलेलं वळण प्लास्टिकसारखं पुन्हा तापवून सरळ करता येत नाही.

कोणती नळी, कोणतं माप

तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेलं पितळ हे तिन्ही एकाच लूपमध्ये सुखाने नांदतात. बहुतेक ब्लॉक, फिटिंग आणि रेडिएटर याच धातूंचे असतात. अॅल्युमिनियम मात्र लूपमध्ये कुठेच नको. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. गंजरोधक घातलं तरी ही क्रिया फक्त लांबते. रेडिएटर घेताना तो आतून कशाचा आहे हे नक्की विचारा. स्टेनलेस स्टील चालतं, पण ते वाकवायला फार कठीण. पहिल्या लूपला त्याच्या वाटेला जाऊ नका.

क्रोम किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या चकचकीत पितळी नळ्या वाकवायच्या नसतात. वाकवल्या की मुलामा तडकतो. त्या सरळच वापरायच्या आणि वळणाच्या जागी एल्बो फिटिंग लावायचं. खरं सांगायचं तर पहिला लूप करणाऱ्याला हाच मार्ग सोपा आहे: सगळ्या नळ्या सरळ, वळणं सगळी फिटिंगची. वाकवायची हौस असेल तर साधं तांबं घ्या. त्यातही सरळ कांबीत मिळणारं अर्धकठीण तांबं चांगलं. गुंडाळीत मिळणारं मऊ तांबं हाताने वाकतं हे खरं, पण गुंडाळल्यामुळे ते थोडं लंबगोल झालेलं असतं आणि पूर्ण सरळ कधीच होत नाही.

आता मापाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. कॉम्प्युटरची फिटिंग सहसा १२, १४ किंवा १६ मिमी बाहेरील व्यासासाठी असतात. नळकामाची तांब्याची नळी अनेक ठिकाणी १५ मिमीची मिळते, ती १४ मध्ये जात नाही आणि १६ मध्ये ढिली बसते. इंचातल्या मापांचा घोळ आणखी मोठा आहे. अमेरिकी पद्धतीत नळकामाच्या ‘अर्ध्या इंची’ तांब्याच्या नळीचा बाहेरील व्यास अर्धा इंच नसून ५/८ इंच, म्हणजे १५.८८ मिमी असतो. एसी-फ्रिजच्या कामातली ‘अर्धा इंच’ नळी मात्र बाहेरून खरोखर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. नाव एकच, नळ्या दोन, आणि दोन्हींपैकी एकही १२ किंवा १६ च्या फिटिंगमध्ये नीट बसत नाही.

म्हणून व्हर्नियर कॅलिपर घेऊनच नळी निवडा. नळीवर तीन ठिकाणी मोजा आणि प्रत्येक ठिकाणी नळी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. दोन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर मी ती नळी टोकासाठी वापरत नाही. फिटिंग घेतानाही ते धातूच्या नळीसाठी चालतं का ते बघा. फक्त ओ-रिंगच्या घर्षणावर धरणाऱ्या फिटिंगमधून जड आणि गुळगुळीत नळी हळूहळू सरकू शकते. नट आवळल्यावर ओ-रिंग दाबली जाते, असं फिटिंग घ्या. फिटिंगची दुसरी बाजू, जी ब्लॉकमध्ये किंवा रेडिएटरमध्ये बसते, ती जवळपास सगळीकडे ‘G १/४’ या ठरलेल्या मापाच्या आट्यांची असते, त्यामुळे तिथे सहसा अडचण येत नाही.

आखणी

पंपाला पाणी वरून मिळालं पाहिजे, म्हणून टाकी पंपाच्या वर किंवा त्याला जोडूनच. एवढा एक नियम सोडला तर भागांचा क्रम कसाही चालतो. पाणी आधी रेडिएटरला जावं की प्रोसेसरला, यावर नवखे लोक फार वेळ घालवतात. ४०० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी असेल तर पूर्ण लूप फिरून पाण्याचं तापमान जेमतेम दीड अंश वाढतं. तेव्हा ज्या क्रमाने नळ्या आखूड आणि सरळ राहतील तो क्रम निवडा.

लूपमधल्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक आत्ताच आखून ठेवा. धातूची नळी चिमटा लावून बंद करता येत नाही आणि वाकवून बादलीतही धरता येत नाही. कॉक नसेल तर पहिल्यांदा पाणी बदलताना कॅबिनेट उलटं करायची वेळ येते.

आता कॅबिनेटमध्ये सगळे भाग खरोखर बसवून घ्या. चित्रावरून मोजू नका. दोन तोंडांमध्ये नळी जायची असेल तर दोन्ही फिटिंगमध्ये नळीचे ५ सेंटिमीटरचे सरळ तुकडे खोचा आणि समोरून, वरून, बाजूने नजर लावा. तोंडं एका रेषेत नाहीत हे अशा वेळी लगेच दिसतं. मग जाडसर एकेरी तार घेऊन नळीच्या मध्यरेषेचा आकार तिच्यात वाकवा. ही तार म्हणजे तुमचा नमुना. तार दहा वेळा बदला, नळी एकदाच वाकणार आहे.

वाकवणं

१२ मिमी नळीच्या बेंडरची त्रिज्या साधारण ३६ मिमी, म्हणजे व्यासाच्या तिप्पट असते. समजा तुम्हाला काटकोनी नळी हवी आहे: एक बाजू फिटिंगच्या तळापासून समोरच्या बाजूच्या मध्यरेषेपर्यंत १२० मिमी, दुसरी तशीच मोजून ८० मिमी. दोन्हींची बेरीज २०० होते, पण नळी कोपऱ्यावरून न जाता कमानीतून जाते. पहिल्या बाजूचा सरळ भाग १२० वजा ३६, म्हणजे ८४. कमानीची लांबी ५६.५. दुसऱ्या बाजूचा सरळ भाग ८० वजा ३६, म्हणजे ४४. एकूण १८४.५ मिमी. म्हणजे वळण ८४ मिमीच्या खुणेवर सुरू व्हायला हवं.

तरीही १८४.५ ची नळी कापून वाकवायला घेऊ नका. निदान ४० मिमी जास्तीची घ्या, आधी वाकवा आणि मग दोन्ही टोकं मापात कापा. बेंडरवरची शून्याची खूण आणि प्रत्यक्ष वळण सुरू होण्याची जागा यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतोच. टाकाऊ नळीवर दोन वळणं करून तुमच्या बेंडरचा फरक काढा आणि बेंडरवरच लिहून ठेवा.

तांबं वाकवून सोडलं की थोडं मागे येतं. अर्धकठीण नळीत हा परतावा दोन ते चार अंशांचा असतो. ९० अंश हवे असतील तर ९२-९३ पर्यंत न्या, सोडा, गुण्या लावून बघा, कमी असेल तर पुन्हा किंचित दाबा. जास्त वाकलं तर उलटं सरळ करायचा प्रयत्न अंश-दोन अंशांपुरताच करा, कारण वाकवताना तांबं त्या जागी कडक होत जातं आणि पुढे चेपतं किंवा चिरतं. बेंडरच्या घासणाऱ्या भागावर तेलाचा एक थेंब लावला की नळीवर ओरखडे उठत नाहीत.

वळणाजवळ नळी थोडी लंबगोल होते. त्यामुळे वळण संपल्यापासून फिटिंगपर्यंत किमान २०-२५ मिमी सरळ भाग ठेवा. बेंडरलाही धरायला तेवढी जागा लागतेच. जिथे ती नाही तिथे हट्ट करू नका, एल्बो लावा.

टोकं: इथे घाई नको

कापायला चाकाचा पाइप कटर वापरा. करवतीने काप तिरका येतो आणि कीस फार पडतो. कटर नळीवर बसवा, नॉब हलकेच टेकवा, एक-दोन फेरे फिरवा, मग नॉब अगदी थोडा, जास्तीत जास्त पाव फेरा आवळा, पुन्हा फिरवा. जोर लावून लवकर कापलं तर चाक कडा आत दाबतं आणि बाहेरच्या बाजूला बारीकसा उंचवटा उठतो. बोट फिरवलं तर तो लागतो. हा उंचवटा ओ-रिंगमधून आत जाताना तिला कापतो. कापलेली ओ-रिंग बाहेरून ठीक दिसते आणि गळती सुरू होते, म्हणून हे लक्षात यायला वेळ लागतो.

कापून झालं की आतली बर, म्हणजे कापताना उठलेली खरखरीत कड, रीमरने किंवा गोल कानशीने काढा. बाहेरची कड चपट्या बारीक कानशीने ४५ अंशांत तिरपी करा, साधारण पाऊण ते एक मिलिमीटर रुंद. ही तिरपी कड म्हणजे ओ-रिंगला वर चढायचा उतार. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घ्या, नंतर ८०० आणि शेवटी १२००.

पेपर कोणत्या दिशेने फिरवायचा हे फार थोडे जण सांगतात. नळीच्या लांबीच्या दिशेने घासलं तर बारीक रेघा आतून बाहेर जातात. अशी प्रत्येक रेघ ओ-रिंगच्या खालून जाणारी पाण्याची पायवाट आहे. पेपराची पट्टी टोकाभोवती गुंडाळून नळी गोल फिरवा, म्हणजे रेघा नळीभोवती आडव्या पडतात आणि ओ-रिंगला समांतर राहतात. अशा रेघांतून पाण्याला बाहेर यायला वाटच नसते.

हे मी एका लूपवर शिकलो. नळी व्हाइसमध्ये धरताना मी मध्ये कापड घातलं नव्हतं. व्हाइसच्या दातामुळे टोकाजवळ केसाएवढा एक उभा ओरखडा पडला. हवेच्या चाचणीत काटा दर पाच मिनिटांनी किंचित खाली येत होता. सगळी फिटिंग आवळून झाली, ओ-रिंग बदलून झाल्या. शेवटी एकेक नळी काढून दिव्याखाली तिरपी धरली तेव्हा तो ओरखडा चमकला. टोकाभोवती आठशेच्या पेपराने दहा मिनिटं काम केलं आणि काटा स्थिर झाला. तेव्हापासून नळी धरायला मी लाकडाचे खाच पाडलेले तुकडेच वापरतो.

तपासायची साधी युक्ती: कापसाचा बोळा टोकावरून आतून आणि बाहेरून फिरवा. एकही धागा अडकला तर तिथे बर शिल्लक आहे. आणि फिटिंगचा तळ लागेपर्यंत नळी आत किती जाते ते मोजून दोन्ही टोकांवर तेवढ्या अंतरावर पेनाने खूण करा. जोडताना खूण फिटिंगच्या कडेशी आली म्हणजे नळी पूर्ण बसली. धातूतून दिसत नाही, त्यामुळे या खुणेशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नाही.

हे सगळं काम कॅबिनेटपासून लांब करा. तांब्याचा कीस लोहचुंबकाने उचलता येत नाही आणि मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होतो.

धुणं आणि चमक

नळ्या साबणाच्या कोमट पाण्याने, आतून ब्रश घालून धुवा. काळपटपणा असेल तर पातळ सायट्रिक आम्लात काही मिनिटं बुडवा, तांबं लख्ख गुलाबी निघतं. मग साध्या पाण्याने भरपूर आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करा. यापुढे हातमोजे घालूनच हात लावा, बोटांचे ठसे दोन दिवसांत काळे होऊन उमटतात.

उघडं तांबं काळानुसार तपकिरी होत जातं. मला तो रंग आवडतो. चमक टिकवायची असेल तर पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या, पण टोकांच्या २० मिमी भागावर चिकटपट्टी लावून तो भाग कोरा ठेवा. ओ-रिंगखाली लॅकर गेलं की ते सोलतं.

जोडणी

नट आणि ओ-रिंग आधी नळीवर चढवायला विसरू नका. ओ-रिंगला कूलंटचा (लूपमध्ये भरायच्या द्रवाचा) थेंब किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात लावा. नळी दोन्ही फिटिंगमध्ये जोर न लावता गेली पाहिजे. एका टोकाला बसवल्यावर दुसऱ्या टोकाला अंगठ्याने ढकलून आणावी लागत असेल तर ती नळी चुकली आहे असं समजा. प्लास्टिक थोडं वाकून सांभाळून घेतं. तांबं तो ताण तसाच पुढे देतं, आणि तो जाऊन बसतो टाकीच्या अॅक्रिलिक तोंडावर किंवा ग्राफिक्स कार्डच्या ब्लॉकवर. एका टोकाला फिरतं फिटिंग ठेवलं तर अशा वेळी अंशभर सूट मिळते. ग्राफिक्स कार्डला खालून आधार द्या, नळ्यांचं वजन त्याच्यावर येतं.

फिटिंग हाताने घट्ट करा. पाना लावून आवळल्याने गळती थांबत नाही, ओ-रिंग मात्र चिरडते.

आधी हवा, मग पाणी

पाणी भरण्याआधी हवेने चाचणी घ्याच. मापक असलेला हातपंप लूपच्या एका मोकळ्या तोंडाला लावा, बाकी तोंडं बुचांनी बंद करा आणि ०.३ ते ०.४ बारपर्यंत हवा भरा. टाकी किंवा पंप बनवणाऱ्याने कमी मर्यादा सांगितली असेल तर ती पाळा. अर्धा तास काटा जागचा हलला नाही तर पुढे जा. हलला तर लूप मधोमध तोडून दोन्ही अर्धे वेगळे तपासा, मग ज्यात गळती आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा. सगळीकडे एकदम शोधत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

भरताना फक्त पंपाला वीज द्या. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कच्या केबली काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगला यासाठीच मिळणारा जंपर लावला की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. टाकी भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, पातळी खाली गेली की लगेच बंद करून पुन्हा भरा. पंप कोरडा चालू देऊ नका, त्याच्या आतल्या बेअरिंगला पाणीच वंगण म्हणून लागतं. प्रत्येक फिटिंगखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवा, त्यावर थेंब लगेच उठून दिसतो.

आत हवा दिसत नसल्यामुळे कानावर भर द्या. खळखळ ऐकू येईपर्यंत हवा आहे. पंप चालू ठेवून कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे हळूच कलवा, टाकीत बुडबुडे येत राहतील. प्रवाह दाखवणारं छोटं चाक लूपमध्ये बसवलं तर पाणी वाहतंय की नाही हे नेहमीच दिसतं, आणि धातूच्या लूपमध्ये मी ते आवश्यकच मानतो. काही तास टिश्यू कोरडे राहिले की बाकीच्या केबली जोडा.

पाणी म्हणून तयार कूलंट घ्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक घाला. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात. रंगीत कूलंटचा इथे उपयोग नाही, नळ्यांतून तो दिसणारच नाही. पारदर्शकच घ्या, म्हणजे टाकीत पाणी हिरवट-निळसर होऊ लागलं तर तांबं झिजतंय हे लगेच कळेल.

वर्षभराने पाणी बदलताना एक नळी फिटिंगमधून बाहेर काढा आणि टोक दिव्याखाली धरा. जिथे ओ-रिंग बसली होती तिथे तांब्यावर एक बारीक गोल रेघ उमटलेली दिसेल. नळी सावकाश फिरवत ती पूर्ण गोल बघा. रेघ कुठेही तुटलेली नसेल तर नवी ओ-रिंग चढवा आणि नळी खुणेपर्यंत परत बसवा. तुटलेली असेल तर आठशेचा पेपर घ्या.